दुःखाबरोबर मानही जातो तेव्हा: ईयोबाच्या ग्रंथातून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंचे वडील तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षे कापडाचे दुकान चालवत होते. ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) ते खजिनदार होते. जमिनीच्या वाटणीपासून मुलीच्या सोयरिकीपर्यंत लोक त्यांच्या शब्दासाठी दुकानाच्या पायरीवर येऊन बसत. मधुमेहाने त्यांचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला, दवाखान्यात आणि बुडलेल्या उधारीत दुकान गेले. आता पायरीवर येणारी माणसे रस्त्याच्या पलीकडून जातात. मंडळीने खजिनदाराचे काम न विचारता दुसऱ्याला दिले. भेटायला येणारे सांगतात, "देव तुम्हाला नम्र करतोय, मानाचा मोह सोडा." वडील मात्र मुलीला म्हणाले, "पायाचं मी बघून घेईन गं, पण मी आता कोणीच राहिलो नाही." ताईंनी विचारले आहे, मान गेल्याचे दुःख करणे हे पाप आहे का? पवित्र शास्त्र (बायबल) याकडे कसे पाहते? आणि घरच्यांनी काय करायचे?

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही, ते पाप नाही. वडिलांना जे वाटते त्याला पवित्र शास्त्रात मोठी जागा आहे. भेटायला येणाऱ्यांनी ज्या ग्रंथाचा आधार घेऊन त्यांना गप्प केले असेल, तोच ईयोबाचा ग्रंथ त्यांच्या बाजूने उभा आहे.

रुग्णालयात आणि मंडळीत पाळकाचे काम करताना एक गोष्ट मी सतत पाहत आलो. माणूस आधी वेदनेबद्दल बोलतो, मग बिलाबद्दल, मग मुलाबाळांबद्दल. मानाबद्दल तो फार उशिरा बोलतो, आणि बोलताना त्याला लाज वाटते. आपल्यावर एवढे मोठे संकट असताना आपल्याला लोक विचारत नाहीत याचे वाईट वाटावे, हेच त्याला हलकेपणाचे वाटते. म्हणून तो ते दाबून टाकतो, आणि आपणही त्याला दाबायला मदत करतो. पवित्र शास्त्रातल्या ईयोबाने, सगळे गमावलेल्या त्या भल्या माणसाने, ते दाबले नाही.

ईयोब म्हटले की आपल्याला पहिला अध्याय आठवतो. सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, पाचशे बैलजोड्या, पाचशे गाढवी, सात मुलगे, तीन मुली, आणि एका दिवसात सगळे गेले. मग अंगभर फोड, राख आणि खापरी. उपदेशात आपण बहुतेक वेळा इथवर येतो, "परमेश्वराने दिले आणि परमेश्वराने नेले" हे वाक्य सांगतो आणि थेट शेवटच्या अध्यायावर उडी मारतो. मधले जवळजवळ चाळीस अध्याय राहून जातात. तुमच्या वडिलांचा प्रश्न नेमका त्या मधल्या अध्यायांत आहे.

एकोणतिसावा अध्याय वडिलांना सावकाश वाचून दाखवा. त्यात ईयोब आपल्या जुन्या दिवसांची आठवण काढतो, आणि सगळ्यात जास्त ओळी तो कशावर खर्च करतो ते बघा. उंटांचा उल्लेखही नाही. मुलाबाळांचा उल्लेख एका ओळीत येतो. बाकी बहुतेक अध्याय वेशीतल्या त्याच्या जागेवर आहे. त्या काळी नगराची वेस म्हणजे आपल्याकडची चावडी. न्यायनिवाडा, खरेदीविक्रीची साक्ष, तंटे मिटवणे, सगळे तिथे. आजच्या इस्राएलच्या उत्तर टोकाला तेल दान येथे जुन्या नगराची वेस उत्खननात सापडली, तिथे भिंतीलगत बसण्याचा लांब दगडी बाकही आहे. अशा बाकावर कोण बसतो यावरून माणसाची गावातली जागा ठरत असे. ईयोब सांगतो की मी वेशीत जाऊन बसलो की तरुण मागे सरत, म्हातारे उठून उभे राहत, अधिकारी बोलता बोलता थांबून तोंडावर हात ठेवत. मी बोललो की त्यावर पुन्हा कोणी बोलत नसे. पावसाची वाट पाहावी तशी लोक माझ्या शब्दाची वाट पाहत.

वरवर वाचणाऱ्याला ही बढाई वाटेल. पण मधेच तो सांगतो की हा मान का होता. ओरडणाऱ्या गरिबाला आणि ज्याला कोणी नाही अशा अनाथाला मी सोडवले, विधवेचे मन हर्षाने गाऊ लागेल असे केले, आंधळ्याला मी डोळे झालो, लंगड्याला पाय झालो. अनोळखी माणसाची फिर्यादसुद्धा मी बारकाईने तपासली. म्हणजे त्याची ती जागा लोकांच्या उपयोगाची होती. ती गेली तेव्हा त्याच्या हातातले काम गेले, आणि त्याच्या आधारावर उभे असलेल्या माणसांचा आधार गेला. तुमच्या वडिलांच्या दुकानाच्या पायरीचेही हेच आहे. तिथे बसून जे तंटे मिटले, ज्या मुलींची लग्ने जुळली, ते काम खरे होते. त्या पायरीची आठवण काढून ते हळहळत असतील तर ते अहंकाराने हळहळत नाहीत.

मग तिसावा अध्याय "पण आता" असा सुरू होतो. आता माझ्याहून वयाने लहान असलेले मला हसतात. मी त्यांच्या गाण्याचा विषय झालो. ते माझ्यापासून लांब उभे राहतात, माझ्यासमोर थुंकायलाही कचरत नाहीत. माझी प्रतिष्ठा वाऱ्याने उडवून नेली.

याहूनही जिवाला लागणारा भाग एकोणिसाव्या अध्यायात, तेराव्या ओवीपासून आहे. त्यात ईयोब एकेक नाते मोजतो. भाऊ दूर गेले. ओळखीचे परके झाले. नातलग सोडून गेले, जवळचे मित्र विसरले. घरात राहणारे पाहुणे आणि दासी मला उपरा समजतात. चाकराला हाक मारतो तर तो ओ देत नाही, त्याची विनवणी करावी लागते. माझा श्वास बायकोला नकोसा झाला. लहान पोरेसुद्धा मला तुच्छ लेखतात, मी उठू लागलो की माझ्याविरुद्ध बोलतात.

यातली चाकराची ओळ मला सगळ्यात खरी वाटते. आजारी माणसाचा मान मोठ्या सभेत जात नाही, तो घरात अशाच बारीक गोष्टींत जातो. पाण्याचा तांब्या मागितला की "थांबा जरा" येते. डॉक्टर खाटेजवळ उभे राहून त्यांच्याबद्दल मुलाला विचारतात, "रात्री झोपले का? जेवले का?" आणि ज्याला झोप लागली नाही तो तिथेच पडून ऐकत असतो. चेकबुक कोणाकडे ठेवायचे हे त्यांना न विचारता ठरते. फोन दुसऱ्या खोलीत नेऊन बोलणे सुरू होते. कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण एकेका दिवसाने माणूस घराचा कर्ता राहत नाही, घरातले एक काम होतो. ईयोबाच्या चाकराने मुद्दाम अपमान केला असे ग्रंथात कुठे म्हटलेले नाही. त्याने फक्त ओ दिली नाही.

ईयोबाने हे सगळे उघड बोलून दाखवले, आणि शेवटी देव बोलला तेव्हा देवाने त्याला "तुला मानाची एवढी का पडली?" असे विचारले नाही. ईयोबाला देवाने बरेच सुनावले. तू विश्वाचा कारभार जाणतोस का, माझा न्याय मोडीत काढतोस का, असे कडक प्रश्न विचारले. पण वेशीतल्या जागेसाठी केलेल्या विलापाबद्दल एक शब्दही दोषाचा काढला नाही.

आता "देव नम्र करतोय" या वाक्याकडे येतो, कारण तुमच्या घरात त्याने बरीच जखम केली आहे असे दिसते.

ईयोबाचे मित्र सुरुवातीला चांगले वागले. ते आले, त्याला ओळखू शकले नाहीत इतका तो बदलला होता, ते रडले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर न बोलता बसले. त्यानंतर त्यांनी तोंड उघडले ते कारण शोधायला. एवढे दुःख आले त्याअर्थी काहीतरी केलेच असणार, हे त्यांचे गणित. बाविसाव्या अध्यायात त्यांच्यातला अलीफज या टोकाला पोचतो की ईयोबावर थेट आरोप ठेवतो: तू कारण नसताना भाऊबंदांकडून गहाण घेतलेस, उघड्यांची वस्त्रे काढून घेतलीस, तहानलेल्याला पाणी दिले नाहीस, विधवांना रिकाम्या हाती परत पाठवलेस. यातले काहीही घडले नव्हते. वाचकाला पहिल्या अध्यायापासून ठाऊक आहे की देवाने स्वतः ईयोबाला सात्त्विक आणि सरळ म्हटले आहे. अलीफजाने पुरावा पाहिला नव्हता. त्याने फक्त राखेत बसलेला माणूस पाहिला आणि त्यावरून त्याचा भूतकाळ रचला.

मान जाण्याची ही दुसरी पायरी असते, आणि ती पहिलीपेक्षा क्रूर असते. आधी माणसाची आजची जागा जाते, मग लोक त्याचा कालही काढून घेतात. "दुकान बुडालं म्हणजे हिशोबात काहीतरी असणार." "एवढी साखर वाढेपर्यंत काय करत होते?" "प्रार्थनेत कमी पडले असतील." तुमच्या वडिलांच्या बाबतीत खजिनदारपद न विचारता काढले गेले, तेव्हा त्यांच्या मनात हाच काटा रुतला असेल की लोक माझ्या हाताबद्दल शंका घेतात का. बाराव्या अध्यायात ईयोब याचे मूळ सांगतो: जो सुखात आहे त्याच्या मनात संकटात सापडलेल्याबद्दल तुच्छता असते. ज्याचा पाय घसरला त्याला आणखी एक धक्का द्यायला तो तयार असतो. त्यात भीतीही असते. या भल्या माणसावर विनाकारण आले असेल तर उद्या आपल्यावरही येईल, हे मान्य करणे जड जाते. त्याची काही चूक होती असे मानले की आपण सुरक्षित.

देव कधी गर्विष्ठाला खाली आणत नाही का? आणतो. दानीएलाच्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवर "हे थोर बाबेल मी बांधले" असे म्हणतो आणि त्याच क्षणी त्याचे राज्य जाते, तो माणसांतून घालवला जातो, बैलासारखे गवत खातो. पण त्या गोष्टीतल्या दोन बाजू आपण वाचत नाही. एक, राजाला याआधी या शिक्षेचे स्वप्न पडले होते, आणि दानीएल संदेष्ट्याला त्याचा अर्थ कळला तेव्हा तो काही वेळ सुन्न झाला. राजाला तो म्हणाला की हे स्वप्न आपल्या शत्रूंना लागू पडो. जो माणूस दुसऱ्याला "देव तुला नम्र करतोय" असे सांगायला येतो, त्याच्या चेहऱ्यावर हे सुन्नपण दिसते का, ते पाहावे. शिवाय दानीएलाला ते देवाने दाखवले होते, त्याने गावगप्पांवरून अंदाज केला नव्हता. आणि दोन, शेवटी राजाची बुद्धी परत आली तेव्हा त्याचा मान आणि तेजही परत आले, आणि त्याचे मंत्री व सरदार त्याला शोधत आले. म्हणजे खरोखर शिक्षा झाली होती तिथेही देवाला माणूस कायमचा मानहीन नको होता.

ईयोबाच्या ग्रंथातला एक अवघड भागही सांगतो, कारण वडिलांबरोबर वाचताना तो येईलच. तिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ईयोब म्हणतो की जे मला हसतात त्यांच्या बापांना मी माझ्या कळपाच्या कुत्र्यांजवळही बसू दिले नसते. पुढे तो त्या लोकांचे वर्णन करतो: उपाशी, रानात मुळे खाऊन जगणारे, वस्तीतून चोरासारखे हाकलून दिलेले, दऱ्याखोऱ्यांत राहणारे. ही ईयोबाच्या तोंडची जहरी भाषा आहे. मान गमावलेला माणूस कित्येकदा आपल्याहून खालच्या पायरीवर असलेल्याचा आधार घेऊन उभा राहू पाहतो. "मी अगदी त्यांच्यासारखा नाही" एवढेच त्याच्या हाती उरलेले असते.

नगर, सोलापूर, जालना या भागांतल्या आपल्या कितीतरी मंडळ्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून उभ्या राहिल्या. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना चावडीवर बसायची जागा कधी नव्हतीच. गेली असे म्हणायलाही ती आधी असावी लागते. अशा घरात हा अध्याय वाचला की कान ईयोबाच्या बाजूने लागत नाहीत, ते त्या हाकलून दिलेल्यांच्या बाजूने लागतात. आणि हे कान खरे ऐकतात. पवित्र शास्त्राने ईयोबाचे ते वाक्य झाकले नाही, पण त्याचे कौतुकही केले नाही. पुढच्याच अध्यायात ईयोब स्वतःच्या तोंडून दुसरे टोक गाठतो. माझ्या दासाने किंवा दासीने माझ्याविरुद्ध तक्रार केली आणि मी ती धुडकावली असती तर देवापुढे काय उत्तर दिले असते? ज्याने मला गर्भात घडवले त्यानेच त्यालाही घडवले ना? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचे केले असे जे म्हटले आहे, ते ईयोब इथे आपल्या दासाला लावतो. वेशीतली जागा माणसे देतात आणि माणसे काढतात. देवाचे प्रतिरूप असणे ही दुसरी गोष्ट कोणा माणसाने दिलेली नाही, म्हणून कोणी काढू शकत नाही. जिला चावडी मिळाली नाही तिलाही ती होती, आणि ज्याची चावडी गेली त्यालाही ती आहे.

पण इथे मला थोडे थांबू द्या. बरेच उपदेशक इथेच उत्तर संपवतात: "देवाच्या नजरेत तुमची किंमत आहे, मग लोकांच्या नजरेची काय पर्वा?" ऐकायला बरे वाटते. पण ज्याला रोज घरात ओ मिळत नाही त्याला यावर जगता येत नाही, आणि ईयोबाचा ग्रंथही इथे संपत नाही. देवाने ईयोबाला एवढेच सांगितले नाही की माझ्या नजरेत तू मोठा आहेस. त्याने लोकांत त्याची जागा परत उभी केली, आणि ती ज्या रीतीने केली ती रीत मला या सगळ्या ग्रंथात सर्वांत मोलाची वाटते.

त्याआधी ईयोबाने काय मागितले ते पाहा. एकतिसाव्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो की माझ्यावर फिर्याद करणाऱ्याने माझ्यावरचे आरोप लिहून द्यावेत. मी तो कागद खांद्यावर मिरवीन, मुकुटासारखा डोक्याला बांधीन, आणि एखाद्या सरदारासारखा त्याच्यापुढे जाईन. राखेत बसलेला, अंगाची कातडी काळी पडलेला माणूस हे बोलतो आहे. त्याला दया नको आहे. त्याला सुनावणी हवी आहे. आणि देव वादळातून बोलू लागतो तेव्हा पहिल्यांदा हेच म्हणतो की मर्दासारखी कंबर बांध, मी तुला विचारतो, तू मला सांग. ही भाषा कठोर आहे, पण ती बरोबरीने उभे करून बोललेली आहे. मित्रांनी ईयोबाला रुग्ण आणि गुन्हेगार समजून उपदेश केला. देवाने त्याला उत्तर द्यायला लायक समजून प्रश्न विचारले.

मग शेवटचा अध्याय. देव अलीफजाला म्हणतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर माझा राग भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब जसे माझ्याविषयी योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाही. सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन माझा सेवक ईयोब याच्याकडे जा, होम करा, आणि तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, त्याची मी ऐकेन. दोन ओव्यांत देव "माझा सेवक ईयोब" असे चार वेळा म्हणतो. हेच शब्द त्याने पहिल्या अध्यायात, सगळे काही ठीक असताना वापरले होते. मधल्या काळात गावाने त्याला काय काय म्हटले, देवाने नाव बदलले नाही.

आणि क्रम लक्षात घ्या. तेव्हा ईयोबाची प्रकृती सुधारल्याचा उल्लेख नाही, मेंढरे परत आलेली नाहीत. तो अजून तसाच आहे, आणि त्या अवस्थेतल्या माणसाकडे या तीन प्रतिष्ठितांना जनावरे घेऊन जावे लागते. ज्याला ते शिकवत होते त्याच्याकडे मागायला. त्याने प्रार्थना केली, तेव्हा परमेश्वराने त्याची स्थिती पालटली, असे दहावी ओवी सांगते. त्यानंतर भाऊ, बहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे त्याच्या घरी येतात, त्याच्याबरोबर भाकरी खातात, त्याचे सांत्वन करतात, प्रत्येक जण एकेक नाणे आणि सोन्याचे वळे देतो. एकोणिसाव्या अध्यायात जी नाती एकेक करून तुटली, ती इथे पंगतीला बसतात. चौदा हजार मेंढरांचा हिशोब त्याच्या पुढच्या ओवीत येतो.

देवाने ईयोबाचा मान कशाने परत केला? लोकांना त्याची गरज लागेल असे करून. दयेने मान परत येत नाही. दया घेणाऱ्याला आणखी खाली बसवते, ती देणारा कितीही प्रेमळ असला तरी. ज्याच्याकडे कोणी काही मागायला येतो, त्याला मान असतो.

येशूच्या चरित्रात हे सारखे दिसते. ज्या कुष्ठरोग्याला कायद्याने वस्तीबाहेर राहून "अशुद्ध, अशुद्ध" ओरडायचे होते, त्याला त्याने आधी हात लावला. अठरा वर्षे कमरेत वाकलेल्या बाईला त्याने भर सभास्थानात अब्राहामाची कन्या म्हटले. त्याचा स्वतःचा अंत अपमानातच झाला. काट्यांचा मुकुट, थट्टेचा झगा, हातात वेताचा राजदंड, आणि सगळ्यांच्या देखत वधस्तंभावर टांगणे. इब्री लोकांस पत्रात म्हटले आहे की त्याने वेशीबाहेर दुःख सोसले, म्हणून आपणही त्याचा अपमान सोसत त्याच्याकडे छावणीबाहेर जाऊ या. ज्यांच्या पूर्वजांनी वेशीबाहेर जन्म काढला त्या आपल्या लोकांना हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या मातीतले एक उदाहरण देतो, कारण ते या मुद्द्याला नेमके लागू पडते. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले ते विधवांसाठी. त्या काळच्या विधवेचे केस जात, दागिने जात, शुभकार्यातली जागा जाई, सकाळी तिचे तोंड पाहणेही अशुभ मानले जाई. दुःख नवरा गेल्याचे, आणि शिक्षा वर मान जाण्याची. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली आल्या. रमाबाईंनी त्यांना नुसते अन्न आणि आसरा दिला नाही. तिथे छापखाना काढला, मुलींना खिळे जुळवायला शिकवले, आणि मूळ भाषांवरून स्वतः केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्याच स्त्रियांच्या हातून छापून घेतले. रमाबाई 1922 मध्ये वारल्या, संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. ज्या हातांचा स्पर्श लग्नघराला नको होता त्या हातांनी देवाचे वचन छापले. मान असा परत येतो.

आता घरात काय करायचे.

सगळ्यात आधी, त्यांना बोलू द्या आणि मधे धीर देऊ नका. "असं काही नाही बाबा, सगळे तुम्हाला मानतात" हे म्हणू नका. ते खरे नाही आणि त्यांना ते माहीत आहे. एकोणतिसावा, तिसावा आणि एकोणिसावा अध्याय वाचा. स्तोत्र 31 वाचा. त्यात दावीद म्हणतो की रस्त्यात मला पाहणारे माझ्यापासून पळतात, मी फुटक्या भांड्यासारखा झालो आहे. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परतलेल्या नामीने बायकांना स्पष्ट सांगितले की मला नामी (म्हणजे गोड) म्हणू नका, मारा (म्हणजे कडू) म्हणा. तिला कोणी टोकले नाही.

दुसरे, घरातला चाकर होऊ नका. त्यांनी हाक मारली की ओ द्या, लगेच येता आले नाही तरी उत्तर तरी द्या. डॉक्टर तुम्हाला विचारू लागले तर म्हणा, "बाबांनाच विचारा ना." पैशाचे, जमिनीचे, मुलांच्या शिक्षणाचे बोलणे त्यांच्या खोलीतच होऊ द्या. त्यांचा सल्ला विचारा, पण खोटा विचारू नका. आधीच ठरवून मग "तुमचं काय मत?" असे विचारले की त्यांना लगेच कळते, आणि ते न विचारण्यापेक्षा वाईट असते.

प्रार्थनेच्या विनंतीसाठी त्यांचा खाटेवरचा, कापलेल्या पायाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकला जातो, तो बंद करा. आधी टाकला गेला असेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना काढायला सांगा. कोणासाठी प्रार्थना मागायची आणि त्यात किती सांगायचे, हे ज्याचे दुःख आहे त्याने ठरवावे. आपल्या मंडळ्यांत हे फार सैल झाले आहे, आणि ते मायेपोटी होते म्हणून कोणी बोलत नाही.

मंडळीशी तुम्ही नाही तर तुमच्या एखाद्या वडीलधाऱ्या नातलगाने बोलावे. खजिनदारपद परत मागू नका, पण दोन गोष्टी जरूर मागा. एक, हिशोब त्यांच्याकडून रीतसर समजून घेऊन, तपासून, तो बरोबर असल्याचे उपासनेत सर्वांपुढे सांगावे. शंकेचा काटा नुसत्या गोड बोलण्याने निघत नाही, चारचौघांत बोललेल्या शब्दाने निघतो. दुसरे, नव्या खजिनदाराने त्यांच्याकडे बसून काम शिकावे. इतक्या वर्षांची माहिती त्यांच्या डोक्यात आहे, आणि नव्या माणसाला तिची खरोखर गरज आहे. ज्यांनी "मानाचा मोह सोडा" सांगितले, त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी अडचण असेल तर वडिलांना त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगा, आणि त्याला ते कळू द्या. सुरुवातीला वडील नाही म्हणतील. ईयोबालाही ती प्रार्थना सोपी गेली असेल असे मला वाटत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की ते उपासनेला यायला तयार नाहीत, चाकाच्या खुर्चीत बसून लोकांसमोर जायला नको म्हणतात, तर आग्रह करावा का. करू नका. ईयोबाला कोणी वेशीत नेऊन बसवले नाही, माणसे त्याच्या घरी आली आणि त्याच्या घरी जेवली. पाळकांना सांगून प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घरी ठेवा, आजाऱ्याला भेट म्हणून नको, दोन-तीन कुटुंबांना जेवायला बोलावून. यजमान वडील असू द्या. बोलावणे त्यांच्या नावाने जाऊ द्या, प्रार्थना त्यांनी करावी, वाढायचे काय तेही त्यांनी सांगावे. असे दोन-चार वेळा झाले की चर्चमध्ये जायचे की नाही ते त्यांचे ते ठरवतील. जायचे ठरलेच तर खुर्ची कुठे लावायची तेवढे आधी त्यांना विचारा, मागे दाराजवळ की त्यांच्या नेहमीच्या बाकाशेजारी, आणि ते सांगतील तिथे लावा.